छेदात कोण? मानसिक आरोग्यातल्या समानतेचे जुने हिशेब

मागच्या लेखात जुन्या सरकारी अहवालांमध्ये काय शोधायचं याबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की सापडलेले आकडे वापरायचे कसे? हा लेख त्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर आहे. उदाहरण म्हणून मानसिक आरोग्यसेवेतली समानता घेतली आहे. कारण या विषयात सगळेच आकडे फेकतात आणि त्या आकड्यांच्या छेदात काय आहे हे फारसं कुणी बघत नाही.

सुरुवात रांचीपासून करू. शहराच्या उत्तरेला कांके नावाचा भाग आहे. तिथं १९१८ मध्ये 'रांची युरोपियन ल्युनॅटिक असायलम' सुरू झालं. नावातच सगळं आलं. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन रुग्णांखेरीज तिथं कुणाला प्रवेश नव्हता. सात वर्षांनी, १९२५ मध्ये, त्याच कांकेत 'इंडियन मेंटल हॉस्पिटल' उघडलं. पाटण्याच्या जुन्या असायलममधले रुग्ण तिथं हलवले गेले. म्हणजे हवा एक, सरकार एक, आजार तेच, पण इस्पितळं दोन. दोन्ही आजही आहेत. पहिलं आता सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री म्हणून ओळखलं जातं आणि दुसरं रिनपास या नावानं.

संशोधकाला अशी जागा सापडली की आनंद होतो. विज्ञान शाखेतून आलेल्या मला तर हा जवळजवळ प्रयोगशाळेतला मामला वाटला. बाकी सगळं सारखं ठेवून फक्त रुग्णाचा वंश बदललेला. पण इथंच पहिली अडचण येते. आपण धरून चालतो की गोऱ्यांच्या इस्पितळात आधुनिक उपचार असणार आणि नेटिवांच्या इस्पितळात साखळदंड. वाल्ट्रॉड अर्न्स्ट या इतिहासकार बाईंनी इंडियन मेंटल हॉस्पिटलच्या कागदपत्रांवर काम केलंय. त्यांचं पुस्तक २०१३ मध्ये आलं. १९२५ ते १९४० या काळात तिथले अधीक्षक होते जाल एडुलजी धनजीभॉय, एक पारशी डॉक्टर. परदेशातली मनोरुग्णालयं हिंडून पाहिलेला आणि जगात काय चाललंय याची खबर ठेवणारा हा माणूस. हंगेरीत मेडुनानं १९३४ मध्ये औषधानं झटका आणण्याचे प्रयोग सुरू केले. त्यातून आलेले कार्डियाझोलचे उपचार काही वर्षांतच धनजीभॉय कांकेत करत होते. आज त्या उपचारांबद्दल वाचताना अंगावर काटा येतो ते वेगळं. मुद्दा असा की युरोपात जे 'नवीन' होतं, ते 'नेटिव' इस्पितळातही होतं.

म्हणजे विषमता नव्हती का? होतीच, पण आपण जिथं शोधत होतो तिथं नव्हती. ती दर रुग्णामागच्या पैशात, वॉर्डातल्या गर्दीत आणि मुख्य म्हणजे दारात होती. आत कुणाला घ्यायचं हे दारावर ठरायचं. आणि वेगळं दार ठेवण्याचं कारण फक्त गोऱ्या रुग्णाची सोय हे नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून वेड लागलेल्या गोऱ्यांना शक्यतो जहाजात बसवून मायदेशी धाडलं जायचं. १८१८ पासून लंडनजवळच्या पेम्ब्रोक हाउसमध्ये आणि १८७० नंतर ईलिंगच्या रॉयल इंडिया असायलममध्ये. राज्यकर्त्या जातीचा माणूस भान हरपलेला, केविलवाणा, नेटिवांच्या नजरेला पडणं साम्राज्याच्या इभ्रतीला परवडणारं नव्हतं, असं अर्न्स्ट यांचं म्हणणं आहे. मला ते पटतं. मग वेगळ्या इस्पितळातली विषमता ही 'भारतीयांना कमी दिलं' एवढीच राहत नाही. गोऱ्या वेड्याला लपवण्याची सोय हाही त्याच इमारतीचा एक उपयोग होता.

आणखी एक गंमत. युरोपियन इस्पितळाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल हे १९१९ ते १९३४ तिथं होते. 'असायलम' या शब्दालाच त्यांचा विरोध होता. १९२० च्या सुमाराला सरकारनं देशभरातल्या असायलमांची नावं 'मेंटल हॉस्पिटल' अशी केली, त्यात त्यांचा मोठा वाटा. कलकत्त्यात १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी इंडियन सायकोअ‍ॅनॅलिटिकल सोसायटी काढली, तिच्या पहिल्या सदस्यांत हेही होते. त्यांची बायको भारतीय होती. आणि याच माणसानं १९२१ मध्ये हिंदूंच्या स्वभावाचं असं काही मनोविश्लेषण छापलं की वाचताना संताप यावा. नावातला अपमान काढून टाकणारा सुधारक आणि एका अख्ख्या समाजाला रोगी ठरवणारा लेखक, दोन्ही एकच. प्रबंधात अशा माणसाला एका रकान्यात बसवायचा मोह होतो. बसवू नका.

रकाना भरला कुणी?

रकान्यांवरून आठवलं. एकोणिसाव्या शतकातल्या असायलमांचे वार्षिक अहवाल नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडनं स्कॅन करून फुकट उपलब्ध करून दिले आहेत. मुंबई इलाख्याचेही त्यात आहेत. उघडलेत तर पानंच्या पानं तक्ते दिसतील: धर्म, जात, वय, धंदा, वेडाचं कारण. विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. लगेच एक्सेलमध्ये भरायला घ्यावंसं वाटतं.

जरा थांबा. 'वेडाचं कारण' या रकान्यात गांजा हा शब्द सतत येतो. इतका, की विलायतेत पार्लमेंटपर्यंत बोभाटा झाला आणि १८९३ मध्ये सरकारनं इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. कमिशननं अकराशेहून जास्त साक्षीदार तपासले. पण त्याचं सर्वात मोलाचं काम वेगळंच होतं. त्यांनी १८९२ या एका वर्षात असायलमांमध्ये भरती झालेल्या रुग्णांच्या नोंदी काढल्या आणि एकेका प्रकरणाची परत चौकशी केली. भरती १,३४४. त्यांपैकी गांजा-भांग-चरस हे कारण लिहिलेले २२२. फेरतपासणीनंतर उरले ९८. त्यातही निव्वळ गांजामुळे म्हणावेत असे ६१.

म्हणजे निम्म्याहून जास्त नोंदी गळून पडल्या. असं का झालं? कारण तो रकाना डॉक्टर भरत नव्हता. रस्त्यावर सापडलेल्या माणसाला पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचे, सोबत एक माहितीचा कागद जायचा आणि त्यात 'कारण' लिहावंच लागायचं. 'माहीत नाही' असं लिहिलेलं वरिष्ठांना आवडायचं नाही. माणूस फकीर-बैरागी दिसला किंवा कुणी सांगितलं की हा चिलीम ओढायचा, की लिहा गांजा. तोच शब्द असायलमच्या वहीत, वहीतून वार्षिक तक्त्यात, तक्त्यातून पार्लमेंटच्या चर्चेत. एमएस्सीला आम्हाला तराजूचं कॅलिब्रेशन केल्याशिवाय वजन लिहू देत नसत. इथं तराजू म्हणजे ठाण्यातला हवालदार होता.

याचा समानतेशी थेट संबंध आहे. १८५८ च्या कायद्यानं असायलमचं दार पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्या हातात दिलं, आणि १९१२ च्या इंडियन लुनसी अ‍ॅक्टनंही ते बऱ्याच अंशी तिथंच ठेवलं. त्यामुळे तक्त्यात कोण दिसतं? रस्त्यावर असलेला, भटका, गरीब, बहुतेक पुरुष. ज्याच्या घरात माडीवरची एक खोली रिकामी होती, त्याचा आजार कधी तक्त्यात आलाच नाही. बायका कमी दिसतात म्हणजे त्यांना आजार कमी होता, असा निष्कर्ष कुणी काढला तर त्याला पोलीस घराच्या आत जात नव्हते एवढंच सांगायचं.

आपल्याकडे अजूनही भांडणात 'तुला ठाण्याला भरती करायला पाहिजे' म्हणतात. पुण्यात येरवडा म्हणतात आणि तिथं तुरुंग की मनोरुग्णालय हे मोघमच ठेवतात. ठाण्याचं इस्पितळ १९०१ चं, नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. तेव्हापासून आजवर 'तिथं जाणं' ही शिक्षाच आहे हे भाषेनं बरोबर धरून ठेवलंय.

दहा हजार खाटा

१९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. आरोग्य विषयावर भारतात कुणीही काहीही लिहिलं तरी पहिल्या पानावर याचं नाव असतंच. मानसिक आरोग्याच्या भागासाठी कर्नल मूर टेलर यांनी १९ मनोरुग्णालयांची पाहणी केली होती. यातली बरीच रुग्णालयं माणसाला डांबून सुरक्षित ठेवण्यासाठी बांधलेली आहेत, बरं करण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. समितीनं मोजलेल्या खाटा १०,१८१. लोकसंख्या सुमारे ४० कोटी. भागून बघा: साधारण ४०,००० माणसांमागे एक खाट. अहवाल तुलना करतो इंग्लंडशी. तिथं ३०० माणसांमागे एक. पुढे समिती म्हणते, की हजारी दोन इतकेच मनोरुग्ण धरले तरी आठ लाख लोकांची सोय लागेल.

हा आकडा पुढे अनेक दशकं फिरत राहिला. तो आकडा धक्कादायक आहे आणि भोर समितीनं तो धक्का देण्यासाठीच वापरला, यात गैर काही नाही. सरकारच्या झोपेवर पाणी मारायचं तर असा आकडा लागतोच. पण संशोधक म्हणून त्याच्याकडे बघताना दोन गोष्टी विचारायला हव्यात.

एक, 'हजारी दोन' कुठून आलं? ती मोजणी नव्हती, अंदाज होता. बाहेरच्या देशांच्या मानानं अगदी कमी धरलेला. आणि त्यात होते फक्त रुग्णालयात ठेवावे लागतील असे तीव्र आजाराचे रुग्ण. आज ज्याला आपण डिप्रेशन किंवा चिंतेचे विकार म्हणतो ते त्या छेदात नव्हतेच. भार्गवी दावर यांनी १९९९ च्या त्यांच्या पुस्तकात भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्याबद्दल नेमका हाच मुद्दा लावून धरला. बायकांमध्ये जास्त दिसणारे विकार 'सामान्य' म्हणून बाजूला पडतात, सेवा मात्र तीव्र आजारांच्या आकड्यांवर बेतल्या जातात. त्यामुळे बायका आजारी असूनही हिशेबात येत नाहीत. दावर पुण्यात बापू ट्रस्टच्या माध्यमातून शेवटपर्यंत काम करत होत्या. २०२४ मध्ये त्या गेल्या. या विषयात काम करायचं असेल तर मला वाटतं त्यांना वाचल्याशिवाय प्रस्ताव लिहायला बसू नये.

दोन, इंग्लंडच का? समान कुणाच्या व्हायचं हे ठरवताना भोर समितीनं त्या काळी सहज हाताशी असलेला आरसा उचलला. पण हा आरसाच लवकर फुटणार होता. इंग्लंडमधल्या मनोरुग्णालयांतली गर्दी १९५० च्या दशकाच्या मध्याला शिगेला पोहोचली, दीड लाखाच्या आसपास माणसं आत होती. १९६१ मध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी, इनॉक पॉवेल यांनी, ही प्रचंड इस्पितळं बंद करायची असं भाषणात जाहीर केलं. १९७८ मध्ये इटलीनं तर कायदाच केला. आता कल्पना करा, की भारतानं खरंच पैसे काढून आठ लाख खाटा बांधल्या असत्या. ज्या गोष्टीतून इंग्लंड सुटायला धडपडत होतं, तिच्यात आपण बरोबरीनं अडकलो असतो. गरिबीनं आपल्याला वाचवलं असं म्हणणार नाही. खाट नाही आणि दुसरंही काही नाही, अशा स्थितीत लोक कुठं राहिले हे आपल्याला माहीत आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्यात आग लागली. साखळीनं बांधलेली २८ माणसं त्यात गेली. बांधलेली होती म्हणून पळता आलं नाही.

मधल्या काळात लोक हातावर हात ठेवून बसले होते असं नाही. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारातच तंबू ठोकून राहू दिलं. खाटा कमी होत्या म्हणून काढलेला हा मार्ग, पण त्यातून असं दिसलं की घरचा माणूस जवळ असला की रुग्ण लवकर घरी जातो. भोर समितीच्या शिफारशीतून १९५४ मध्ये बंगळुरूला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ सुरू झाली, तीच पुढची निमहान्स. तिनं आणि चंदीगडच्या संस्थेनं १९७० च्या दशकात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मानसिक उपचार देऊन पाहिले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, मग बल्लारीचा जिल्हा पातळीवरचा प्रयोग, १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम. हे सगळं कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल, म्हणून इथं लांबण लावत नाही. लक्षात घ्यायचं ते इतकंच, की १९८२ च्या दस्तऐवजात तुलना इंग्लंडशी राहिलेली नाही. तिथं उद्दिष्ट आहे किमान सेवा सर्वांना, आणि त्यातही सर्वात वंचितांना आधी. छेद बदलला. खाटांच्या जागी माणसं आली.

अँब्युलन्स

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा वाचला नसेल तर किमान कलम २१ वाचा. त्याचं शीर्षकच समानता आणि भेदभाव न होण्याचा हक्क असं आहे. आणि इथं तुलना पुन्हा बदलते. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला शारीरिक आजार असलेल्या व्यक्तीच्या बरोबरीनं वागवलं पाहिजे, असं कायदा म्हणतो. लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग यांवरून भेद करायचा नाही, हेही त्यात आहे. पण मला अडवून ठेवलं ते एका बारीक तरतुदीनं. शारीरिक आजाराच्या रुग्णाला ज्या पद्धतीनं आणि ज्या दर्जाची अँब्युलन्स मिळते, तशीच मानसिक आजाराच्या रुग्णाला मिळाली पाहिजे.

कायद्यात अँब्युलन्स कशाला लिहावी लागली? कारण १८५८ पासून या रुग्णाचं वाहन पोलिसांचं होतं. नाहीतर भाड्याची जीप, दोन्ही बाजूंना दोन दणकट नातेवाईक आणि एक दोरी. छातीत दुखणाऱ्या माणसाला कुणी दोरीनं बांधून नेत नाही. कुठल्याही आकडेवारीपेक्षा ही एक ओळ जास्त इतिहास सांगते असं माझं मत आहे. कायदे वाचताना अशी 'ही कशाला लिहिली?' म्हणावं अशी वाक्यं शोधत जा. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी भोगलेलं असतं. याच कायद्यानं साखळीनं बांधण्यावर बंदी घातली आणि सक्तीनं डोकं भादरायलाही मनाई केली. तीही तसलीच वाक्यं.

विम्याचंही तसंच. आरोग्य विमा मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच निकषावर मिळाला पाहिजे, असं कलम २१ सांगतं. कायदा अमलात आल्यावर २०१८ मध्ये विमा नियामकानं कंपन्यांना परिपत्रक काढलं. तरी दावे नाकारले जात होतेच. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला अशा एका प्रकरणात रुग्णाच्या बाजूनं निकाल द्यावा लागला.

पण 'शारीरिक आजाराच्या बरोबरीनं' हा निकषही तपासून घ्या. मधुमेहाच्या रुग्णानं इन्सुलिन नको म्हटलं तर डॉक्टर समजावतात, रागावतात, पण त्याला महिनाभर दवाखान्यात ठेवून घेत नाहीत. याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ मध्ये, काही अटी पूर्ण झाल्या तर, नियुक्त प्रतिनिधीच्या अर्जावरून रुग्णाला तीस दिवसांपर्यंत भरती ठेवता येतं. अटी कडक आहेत, परीक्षणाची व्यवस्था आहे, हे मान्य. तरी कलम २१ मधली बरोबरी कलम ८९ पाशी येऊन थांबते. भारतानं २००७ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार तुलना करतो ती 'इतर सर्वांशी', शारीरिक रुग्णांशी नव्हे. दावर आणि त्यांच्यासारखे स्वतः या व्यवस्थेचा अनुभव असलेले कार्यकर्ते या फरकासाठीच भांडत होते. अनेक मानसोपचारतज्ज्ञांचं म्हणणं उलट आहे. तीव्र आजारात माणसाला उपचार नाकारू देणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं, असं ते म्हणतात. मला दोन्ही बाजूंची काळजी खरी वाटते. पण निबंध लिहिताना आपण कुठली तुलना धरून बसलोय हे लिहायला हवं. ते न लिहिता 'समानता' म्हणणं म्हणजे एकक न लिहिता मापन देणं.

आता आकडे कसे दिसायला हवेत याची दोन उदाहरणं, दोन्ही आपल्या परिसरातली. गोव्यात 'संगाथ' या संस्थेच्या विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'मानस' नावाची चाचणी केली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. २४ दवाखाने, १२ सरकारी आणि १२ खासगी. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत करायची. सरकारी केंद्रांत समुपदेशक असताना सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले, नसताना सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, कारण तिथं समुपदेशक नसतानाही बरे होणाऱ्यांचं प्रमाण आधीच जास्त होतं. दोन्ही गटांची सरासरी काढून मोकळे झाले असते तर हे दिसलंच नसतं. गावातला खासगी डॉक्टर ओळखीचा असतो, दोन मिनिटं बोलतो. सरकारी केंद्राच्या रांगेत ते बोलणं समुपदेशकानं भरून काढलं असावं, असा माझा अंदाज आहे.

दुसरं विदर्भातलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर हा भाग निवडला होता. तिथं मोजलं काय? खाटा नाहीत, डॉक्टरही नाहीत. सध्या नैराश्य असलेल्या माणसांपैकी किती जणांनी कुणाकडे तरी मदत मागितली, हे मोजलं. सुरुवातीला ४.३ टक्के, अठरा महिन्यांनी २७.२ टक्के. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावं त्यात नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे आणि जर्नल क्लबमध्ये तुम्ही ती काढालच. पण छेद बघा: दवाखान्यात आलेले नव्हेत, गावातले सगळे. १८९२ च्या तक्त्यात जो माणूस कधी येऊच शकत नव्हता, तो इथं आला.

शेवटी तो आकडा, जो तुमच्यापैकी प्रत्येकानं कुठल्यातरी स्लाइडवर टाकलेला असतो. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण: प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार, आणि उपचारांतली तफावत विकारानुसार ७० ते ९२ टक्के. निमहान्सनं केलेलं हे काम मोठं आणि काळजीपूर्वक केलेलं आहे. बारा राज्यं त्यात होती. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, त्यामुळे 'महाराष्ट्रातील तफावत' म्हणून हा आकडा लिहिण्याआधी थांबा. झारखंड मात्र होतं. पण हे घरोघरी जाऊन केलेलं सर्वेक्षण. ज्याला घर आहे तोच त्यात येतो. फुटपाथवरची बाई त्यात नाही, तुरुंगातला कैदी नाही. बरे होऊनही घरचे न्यायला येत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात राहिलेले लोकही नाहीत. अशांच्या पुनर्वसनासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०१७ मध्ये राज्यांना आदेश द्यावे लागले होते. सर्वेक्षणाची माणसं झारखंडातल्या घरांची कडी वाजवत होती, तेव्हा कांकेच्या वॉर्डांत जी माणसं होती त्यांच्या नावांची वही वेगळी आहे. ती रुग्णालयाच्या कार्यालयातच भरली जाते.